विकणारा, तोलणारा आणि मालक एकच: कोल इंडियाची मक्तेदारी आणि कोळशाचा भाव

आजचा विषय कोळशाचा आहे, पण सुरुवात विजेच्या बिलापासून करू. घरी गेल्यावर महावितरणचं बिल काढून बघा. त्यात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, आणि त्याच रांगेत एक ओळ असते: इंधन समायोजन आकार. काही महिने तिथे शून्य असतो, काही महिने आकडा असतो. आपल्यातले बहुतेक जण ती ओळ वाचत नाहीत. आम्हीही वाचत नव्हतो.

या ओळीची एक गंमत आहे. बाकीच्या आकारांवर राज्य वीज नियामक आयोगापुढे जाहीर वाद होतो. वीज कंपनी प्रस्ताव दाखल करते, तो प्रसिद्ध होतो, ग्राहक संघटना हरकती घेतात, जनसुनावणी होते. कुणीही सामान्य माणूस उभा राहून विचारू शकतो की तुमची गळती एवढी का, आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. इंधनाच्या ओळीचं तसं नाही. कोळसा महाग पडला की ठरलेल्या सूत्राने तो खर्च आपल्याकडे येतो. आयोग सूत्र बरोबर लावलं का, ते तपासतो. पण मुळात खाणीच्या तोंडाशी कोळशाचा भाव एवढा का, हे कोळसा कंपनीला बोलावून विचारण्याचा अधिकार त्यालाही नाही.

मग तो अधिकार कुणाला आहे? या एका प्रश्नाभोवती आजचं बोलणं आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: आजच्या घडीला कुणालाच नाही. आमची टीका नेमकी यावर आहे. कोल इंडिया सरकारी आहे, ही आमची तक्रार नाही. तिचा भाव फार जास्त आहे, हीसुद्धा आमची मुख्य तक्रार नाही. विकणारा, भाव ठरवणारा आणि वर्षानुवर्षं माल जोखणाराही एकच राहिला. नफ्याचा मोठा वाटेकरी जो सरकार तोच धोरण आखणारा. आणि या सगळ्यांना एका टेबलासमोर बसवून हिशेब विचारणारं कुणी नाही. तक्रार ही आहे.

मक्तेदारी कशी झाली

थोडा इतिहास. खासगी खाणमालकांच्या काळात कोळसा ओरबाडून काढला जात होता. वरचा सोपा थर घ्यायचा आणि खाण सोडून द्यायची. कामगारांची सुरक्षितता आणि मजुरी, दोन्हींची अवस्था वाईट होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीयीकरण झालं; आधी पोलाद उद्योगाला लागणारा कोकिंग कोळसा, मग 1973 च्या कायद्याने बाकीचा. 1975 मध्ये कोल इंडिया ही धारक कंपनी उभी राहिली. मुख्यालय कोलकात्याला, आणि तिच्याखाली वेगवेगळ्या कोळसापट्ट्यांच्या उपकंपन्या. त्यातली वेस्टर्न कोलफिल्ड्स आपल्या नागपूरची. चंद्रपूर, वणी, उमरेड या आपल्या पट्ट्यातल्या आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या काही खाणी तिच्याकडे आहेत.

राष्ट्रीयीकरणाला त्या वेळी कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण आज मक्तेदारीवर टीका केली की लोक लगेच म्हणतात, ‘म्हणजे तुम्हाला सगळं विकून टाकायचंय.’ तसं नाही.

2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादन 100 कोटी टनांच्या पलीकडे गेलं. त्यातले सुमारे 78 कोटी टन एकट्या कोल इंडियाचे. म्हणजे चारातले तीन टन. कायद्याच्या भाषेत मक्तेदारी संपली आहे: 2015 च्या कायद्याने खासगी कंपन्यांना कोळसा काढून बाजारात विकण्याचा रस्ता उघडला, 2020 मध्ये तशा खाणींचे लिलाव सुरू झाले, आणि राष्ट्रीयीकरणाचा 1973 चा कायदा 2018 मध्ये रद्द झाला. पण कायदा रद्द झाल्याने बाजार तयार होत नाही. कोळसा जिथे आहे तिथेच आहे. चंद्रपूरच्या वीज केंद्राने समोरची खाण सोडून रातोरात दुसरा पुरवठादार शोधायचा म्हटलं, तर वर्षाला लाखो टन कोळसा आणायचा कुठून, आणि रेल्वेच्या रेक मिळायच्या कुठून?

भाव ठरतो कसा

पूर्वी कोळशाचा भाव केंद्र सरकार ठरवायचं, 1945 च्या नियंत्रण आदेशाखाली. 1 जानेवारी 2000 पासून नवा आदेश आला आणि भाव नियंत्रणमुक्त झाला. नियंत्रणमुक्त हा शब्द ऐकायला छान वाटतो. पण विचार करा, विकणारे पाच-पंचवीस असतील तर नियंत्रण काढण्याला अर्थ आहे. एकाला दुसऱ्याची भीती असते. विकणारा एकच असताना नियंत्रण काढलं, याचा अर्थ नियंत्रण सरकारकडून कंपनीकडे गेलं, एवढाच.

प्रत्यक्षात तेही पूर्ण गेलं नाही. कागदावर कंपनीचं संचालक मंडळ भाव ठरवतं आणि अधिसूचित करतं. पडद्यामागे सरकारची इच्छा चालते. 2012 च्या जानेवारीत कोल इंडियाने उष्मांकावर आधारित नवी श्रेणीपद्धत आणली आणि भाव बदलले. वीज कंपन्यांनी ओरड केली आणि महिनाभरात भाव खाली आणले गेले. जानेवारी 2018 मध्ये भाव वाढले, आणि मग पाच वर्षं सर्वसाधारण वाढ झाली नाही. 2023 च्या मे महिन्यात कामगारांचा वेतनकरार झाला, 19 टक्के वाढीचा, आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेपासून वरच्या काही श्रेणींच्या भावात 8 टक्के वाढ आली. कामगारांना वाढ मिळाली याबद्दल आमचं काहीही म्हणणं नाही. खाणीत उतरणाऱ्या माणसाला ती मिळायलाच हवी. प्रश्न असा की पाच वर्षं भाव का थांबला आणि मग 8 टक्केच का वाढला, पाच का नाही, बारा का नाही? याचं जाहीर उत्तर, आकड्यांसह, हरकती ऐकून, कुठेही दिलं गेलं नाही. ते देण्याची सक्तीच नाही.

आणखी एक गोष्ट विदर्भाच्या मंडळींना ठाऊक असेल. 2018 च्या दरपत्रकात दोन तक्ते आहेत. एक कोल इंडियाच्या इतर उपकंपन्यांसाठी, दुसरा खास वेस्टर्न कोलफिल्ड्ससाठी, आणि दुसऱ्यातले भाव चढे. कारण सांगतात की इथल्या खाणी जुन्या, खर्चिक. असतीलही. पण खर्च किती, त्यातला खाणीचा निसर्ग किती आणि कारभार किती, हे तपासणारं तिसरं माणूस कोण?

झाकण लावलं की वाफ कुठून निघते

आता जरा अर्थशास्त्र. घाबरू नका, फळ्यावर आलेख काढणार नाही.

पुस्तकातली मक्तेदारी सोपी असते: एकटा विक्रेता माल कमी काढतो आणि भाव वाढवतो. कोल इंडियाचं तसं नाही. तिचा अधिसूचित भाव आयात कोळशाच्या मानाने बराच कमी राहिला आहे. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर जगात कोळशाचे भाव टनाला 400 डॉलरच्या वर गेले होते. त्या वर्षी आपल्या वीज केंद्रांना करारातला कोळसा जुन्याच भावाने मिळत राहिला. हे उपकार नाकारून चालणार नाही. सरकारी मालकी नसती, तर त्या वर्षी आपलं बिल काय झालं असतं याचा विचार करा.

मग मक्तेदारी त्रास देते कुठे? भावावर झाकण असलं की मक्तेदारीची वाफ दुसरीकडून निघते: मालाच्या प्रतीतून आणि कराराच्या अटींतून. भाव म्हणजे फक्त टनामागचे रुपये नव्हेत. टनात किती उष्णता आली, किती दगड आले, माल वेळेवर आला का, नाही आला तर भरपाई कोण देणार, हे सगळं मिळून भाव होतो. आपल्या बाजारात याला पाच अक्षरांचा वाक्प्रचार आहे: मापात पाप.

एक साधा हिशेब करू. समजा, वीज केंद्राने किलोमागे 4,000 किलोकॅलरी उष्णतेच्या कोळशाचे पैसे दिले आणि हाती आला 3,400 किलोकॅलरीचा. दोन श्रेणींची घसरण. श्रेणी 300 किलोकॅलरीच्या टप्प्यांनी बदलतात. आता तेवढीच वीज काढायला 100 टनांऐवजी साधारण 118 टन कोळसा लागेल. वरच्या 18 टनांचे पैसे गेलेच. पण ते 18 टन रेल्वेने आणायचे, म्हणजे त्यांचं भाडंही गेलं. आणि रेल्वे ही दुसरी सरकारी मक्तेदारी. वजनाने बघितलं तर तिच्या मालवाहतुकीत निम्म्याच्या आसपास कोळसाच असतो, आणि प्रवासी भाड्यातला तोटा मालभाड्यातून भरून काढला जातो. म्हणजे लोकलचा पास स्वस्त ठेवण्याचा काही भार कोळशामार्फत विजेच्या बिलात येऊन बसतो. शिवाय जास्त कोळसा म्हणजे जास्त राख, आणि ती कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या शेतावर पडते. दरपत्रकातला भाव या सगळ्यात एक पैसाही वाढलेला नाही, बरं का. तरी वीज महाग झाली.

तक्रार कुणी केली

हे नुसतं आमचं अनुमान नाही. यावर तक्रार झाली, आणि ती कुणी केली हे ऐकण्यासारखं आहे. खासगी उद्योगपतीने नव्हे. आपल्या महाराष्ट्राच्या सरकारी महानिर्मितीने केली, 2012 मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाकडे. एक तक्रार ओडिशातल्या महानदी कोलफिल्ड्सविरुद्ध, एक नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सविरुद्ध, आणि दोन्हींत कोल इंडिया. गुजरातच्या सरकारी वीज कंपनीनेही अशीच तक्रार केली. म्हणजे एका सरकारी कंपनीने दुसऱ्या सरकारी कंपनीवर मक्तेदारीच्या गैरवापराचा आरोप केला. ‘सरकारी म्हणजे जनतेचीच’ म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. दोन्ही बाजूला जनताच असेल तर मग भांडण कुणाचं होतं?

तक्रारीचा गाभा भावाचा नव्हता, इंधन पुरवठा कराराचा होता. नमुना घ्यायचा कुठे आणि कसा? कोळसा भरतो तिथे. वीज केंद्रात उतरवताना दोघांनी मिळून नमुना घेण्याची सोय नाही. मोठाले दगड आले तर भरपाईची वाट अवघड. आणि करार दोघांनी बसून ठरवलेला नाही. एकाने छापून आणला, दुसऱ्याने सही केली. सही न करून सांगतो कुणाला?

9 डिसेंबर 2013 रोजी आयोगाने निर्णय दिला. कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्यांनी प्रबळ स्थितीचा गैरवापर केला, कराराच्या अटी अन्याय्य आहेत, असं म्हणत 1,773 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि अटी बदलायला सांगितलं. पुढे अपिलात, 2016 मध्ये, सुनावणीच्या पद्धतीतल्या दोषामुळे हा आदेश रद्द झाला आणि प्रकरण परत आलं. 2017 च्या मार्चमध्ये आयोगाने गैरवापराचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड 591 कोटींवर आणला.

अटी किती एकतर्फी असू शकतात याचं आणखी एक उदाहरण याच काळातलं आहे. 2012 च्या एप्रिलमध्ये सरकारने राष्ट्रपतींच्या नावाने निर्देश काढला: नव्या वीज केंद्रांशी करार करा आणि किमान 80 टक्के पुरवठ्याची हमी द्या. कंपनीने नमुना करार केला. त्यात कमी पुरवठ्याबद्दल दंड ठेवला 0.01 टक्का, तोही तीन वर्षांनंतर लागू. म्हणजे 100 कोटींचा कोळसा दिला नाही तर दंड एक लाख रुपये. किराणा दुकानदारसुद्धा एवढ्या धिटाईने गिऱ्हाइकाशी बोलणार नाही. ओरड झाल्यावर तो वाढवावा लागला, ही पुढची गोष्ट. पण ज्याला तो आकडा लिहिताना संकोच वाटला नाही, त्याला समोरच्याकडे दुसरा पर्याय नाही हे पक्कं माहीत होतं. आमच्या मते मक्तेदारीची यापेक्षा नेमकी व्याख्या पुस्तकात मिळणार नाही.

दुसऱ्या बाजूची तक्रार

त्याच 2012 मध्ये कोल इंडियावर उलट आरोपही झाला. 2010 मध्ये सरकारने कंपनीचे 10 टक्के शेअर बाजारात विकले होते, 245 रुपयांना एक. लंडनच्या एका मोठ्या गुंतवणूक फंडाकडे कंपनीचा सुमारे एक टक्का हिस्सा होता. त्याचं म्हणणं असं की कंपनी कोळसा फार स्वस्त विकते, सरकारच्या सांगण्यावरून भाव खाली ठेवते, आणि संचालक मंडळ लहान भागधारकांचं नुकसान करतं. फंड न्यायालयात गेला. 2014 मध्ये हिस्सा विकून निघूनही गेला.

आता दोन्ही तक्रारी शेजारी ठेवा. गिऱ्हाईक म्हणतं, लुबाडता. भागधारक म्हणतो, फुकट वाटता. वरवर बघता दोघंही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. आमचं म्हणणं, असू शकतात. टनामागचा भाव कमी, पण टनातला माल त्याहून कमी. गिऱ्हाइकाला स्वस्ताई पूर्ण पोचत नाही, भागधारकाला नफा पूर्ण पोचत नाही. मधल्या फटीत वशिला, विलंब, दगड आणि राख. आणि भाव जाहीर तत्त्वावर ठरत नसल्यामुळे दोघांपैकी कुणाचं किती खरं, हे तपासायला जागाच नाही.

मग मालकाचं काय? मालक म्हणजे केंद्र सरकार. स्पर्धा आयोगाचा पहिला आदेश आला डिसेंबर 2013 मध्ये. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2014 मध्ये, कोल इंडियाने शेअरमागे 29 रुपये लाभांश जाहीर केला. एकूण 18,000 कोटींच्या वर, आणि त्यातले सुमारे 16,500 कोटी सरकारच्या तिजोरीत. वित्तीय तूट आवळण्याचे दिवस होते. दंडाचा आकडा आठवतो ना? 1,773 कोटी, आणि तोही कोर्टात अडकलेला. ज्या गाईचं दूध एवढं, तिच्या लाथा गोड लागणारच. मालकानेच गोठ्याची तपासणी करावी, ही अपेक्षा आपण कुठल्या आशेवर धरायची?

लाभांश घेणं पाप नाही. सरकारी पैसा सरकारकडे गेला, त्यातून रस्ते झाले असतील, शाळा झाल्या असतील. पण तो पैसा काही प्रमाणात विजेच्या बिलातून गोळा झालेला आहे, आणि विजेचं बिल गरिबालाही येतं. कर लावायचा तर संसदेत मंजूर करून घ्यावा लागतो. मक्तेदारीच्या नफ्यातून तोच पैसा घेतला तर मतदानही नाही, चर्चाही नाही. आम्हाला खटकतं ते हे.

न्यायालयात काय झालं

स्पर्धा आयोगाविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचा युक्तिवाद नीट समजून घ्यायला हवा, कारण तो दुबळा नव्हता. ती म्हणाली: आमची मक्तेदारी आम्ही मिळवलेली नाही, संसदेने दिलेली आहे. राज्यघटनेच्या 39 (ब) कलमात साधनसंपत्तीची वाटणी सार्वजनिक हितासाठी व्हावी असं मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि आम्ही त्याचं साधन आहोत. तोट्यातल्या भूमिगत खाणी आम्ही चालवतो, कारण तिथे हजारो कामगार आहेत. कुणाला किती कोळसा द्यायचा हे सरकार सांगतं. अशा संस्थेला खासगी कंपनीच्या मापाने कसं मोजता?

15 जून 2023 रोजी न्यायालयाने निकाल दिला: स्पर्धा कायदा कोल इंडियाला लागू आहे. कारण साधं आहे. प्रबळ स्थिती ठरवताना ती कायद्याने मिळालेली आहे का, सरकारी कंपनी असल्यामुळे आहे का, याचाही विचार करा, असं तो कायदाच सांगतो. त्यात सूट आहे ती सरकारच्या सार्वभौम कामांना. अणुऊर्जा, चलन, संरक्षण आणि अवकाश या खात्यांची कामं त्यातच धरली आहेत. कोळसा विकणं त्यात बसत नाही. आणि सार्वजनिक हिताचं म्हणाल, तर सार्वजनिक हितात वाजवी अटींवर चांगला माल मिळणं हेही येतं. कंपनीला आपल्या अडचणी, सरकारी निर्देश, सामाजिक जबाबदाऱ्या गुणदोषांच्या सुनावणीत मांडता येतील. पण सुनावणीच नको, असं म्हणता येणार नाही.

आम्ही या निकालाचं स्वागत करतो, पण तिथेच थांबणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. 2012 ची तक्रार. कायदा लागू होतो का, एवढ्याचं अंतिम उत्तर मिळायला 2023 उजाडलं. अकरा वर्षं. तेवढ्यात अनेक कोट टन कोळसा जळून राख झाला. त्याचा नमुना आता कुठून काढणार? स्पर्धा आयोग हा पोलिसासारखा आहे. गुन्हा घडल्यावर येतो. दर वर्षी भाव कसा ठरावा, प्रत कशी मोजावी, हे रोजचं काम पोलिसाचं नसतं.

काही सुधारणा झाल्या, त्याही सांगायला हव्यात. त्रयस्थ संस्थेकडून नमुने तपासून घेण्याची पद्धत आली. 2018 मध्ये ‘उत्तम’ नावाचं अ‍ॅप निघालं, त्यावर प्रतीची माहिती दिसू लागली. खाणींच्या श्रेणी पुन्हा ठरवल्या तेव्हा बऱ्याच खाणींची श्रेणी खाली आली. म्हणजे तक्रारीत तथ्य होतं, हे न बोलता कबूल झालं. आणि तराजू दुसऱ्याच्या हातात दिला की माप सुधारतं, हेही सिद्ध झालं.

मग करायचं काय

दोन उत्तरं नेहमी दिली जातात. पहिलं: विकून टाका, खासगी लोक येऊ द्या. आमचं म्हणणं, येऊ द्या, पण त्याने भाबडं समाधान मानू नका. कोळशाचा पट्टा एका जागी, रेल्वेची रूळवाट एक. तिथे दोन-तीन विक्रेते आले तरी गिऱ्हाइकाची मान मोकळी होत नाही. सरकारी मक्तेदाराच्या जागी खासगी मक्तेदार आला, तर 2022 सारख्या वर्षी तो भाव धरून ठेवणार नाही, एवढं नक्की.

दुसरं उत्तर: सरकारी आहे ना, मग सरकारवर विश्वास ठेवा. या उत्तराचा हिशेब आत्ताच झाला. सरकार इथे मालक आहे, लाभांश घेणारं आहे, रॉयल्टीवर राज्य सरकारंही जगतात, रेल्वेचं भाडं सरकारचं, आणि धोरणही सरकारचं. एवढ्या टोप्या एकाच डोक्यावर असताना ते डोकं गिऱ्हाइकाचा विचार शेवटी करणार. कुंपणाने शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, ही आपल्याकडची जुनी अडचण आहे.

तिसरी वाट आहे, आणि ती नवी नाही. 2013 च्या त्याच डिसेंबरमध्ये लोकसभेत कोळसा नियामक प्राधिकरणाचं विधेयक मांडलं गेलं. भाव ठरवण्याची तत्त्वं आणि पद्धत काय असावी, प्रतीची तपासणी कशी व्हावी, वाद कसे सुटावेत, हे पाहणारी स्वतंत्र संस्था. विधेयकात उणिवा होत्या. भाव स्वतः ठरवण्याचा अधिकार त्या संस्थेला नव्हता. पण निदान प्रश्न विचारण्याची जागा झाली असती. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. त्यानंतर नवी सरकारं आली. या विधेयकाची आठवण कुणाला झाली नाही. मालकाला हिशेबनिसाची घाई कधीच नसते.

आम्ही तीन साध्या गोष्टी मागतो. एक, कोळशाचा भाव बदलण्याआधी खर्चाचे आकडे प्रसिद्ध व्हावेत आणि त्यावर सुनावणी व्हावी, जशी विजेच्या दरावर होते. दोन, पैसे उष्णतेचे द्यावेत, टनांचे नव्हे. आणि ती उष्णता वीज केंद्राच्या दारात, दोघांसमोर मोजावी. तीन, तोट्यातल्या खाणी सामाजिक कारणासाठी चालवायच्या असतील तर जरूर चालवा, पण तो खर्च किती आणि तो कोण भरतो, हे उघड लिहा. आज तो भावात मुरलेला आहे, आणि मुरलेल्या गोष्टीवर वाद घालता येत नाही.

यातल्या कशालाही कंपनी विकावी लागत नाही. सरकारी मालकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर या मागण्या सर्वात आधी करायला हव्यात. ‘ही आपली कंपनी आहे’ या वाक्याला अर्थ यायचा असेल तर तिला प्रश्न विचारता आला पाहिजे. जिला प्रश्न विचारता येत नाही ती कंपनी कागदावर कुणाच्याही नावावर असो, आपली नसते.

तर घरी जाऊन बिलातली ती ओळ बघा. शून्य असेल तर या महिन्यापुरतं ठीक. आकडा असेल, तर तो कुणी ठरवला हे महावितरणच्या कार्यालयात विचारून बघा. ते महानिर्मितीकडे बोट दाखवतील, महानिर्मिती कोळसा कंपनीकडे, कोळसा कंपनी सरकारकडे. आणि सरकार म्हणेल, भाव तर 2000 सालापासून नियंत्रणमुक्त आहे. या फेरीत कुणीच खोटं बोललेलं नसेल. अडचण तीच आहे.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मंडळींनी माईक येईपर्यंत जरा थांबावं.